आर्मेनिया : जाण्याआधी लोक विचारतात ते प्रश्न

जॉर्जियाचं तिकीट काढलेल्या माणसाला हमखास कुणीतरी सांगतं, ‘शेजारी आर्मेनिया आहे, दोन दिवसांत तोही उरकून घ्या.’ मग आमच्याकडे प्रश्न यायला लागतात. वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे शेवटी. एकाचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर तसा उल्लेख केला आहे.

१. हा देश नेमका कुठे आहे आणि तिथे पाहण्यासारखं आहे तरी काय?

कॉकेशस पर्वतरांगांच्या दक्षिणेला. वर जॉर्जिया, खाली इराण, पश्चिमेला तुर्कस्तान, पूर्वेला अझरबैजान. समुद्र कुठेच नाही. क्षेत्रफळ २९,७४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक दशांशाहूनही थोडं कमी. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आणि त्यातले एक तृतीयांशाहून जास्त लोक राजधानी येरेवानमध्ये.

पाहण्यासारखं म्हणजे मुख्यतः दगड आणि डोंगर. परंपरेनुसार इ.स. ३०१ मध्ये या देशाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. असं करणारा हा जगातला पहिला देश मानला जातो. त्यामुळे दरीच्या काठावर, कड्याच्या टोकावर, जिथे माणूस का गेला असेल असा प्रश्न पडावा तिथे हजार-आठशे वर्षांपूर्वीचे मठ उभे आहेत. समुद्रकिनारा, मोठे मॉल, रात्रभर चालणारं शहर यांसाठी प्रवास करत असाल तर दुबईलाच उतरा, पुढचं विमान पकडू नका.

२. भारतीय पासपोर्टवर व्हिसा कसा मिळतो?

ई-व्हिसा मिळतो. आर्मेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज करायचा. २१ दिवसांचा आणि १२० दिवसांचा असे दोन प्रकार आहेत. साध्या सहलीला पहिला पुरतो. अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची पानं शोधात वर येतात आणि तिथे कितीतरी जास्त पैसे घेतले जातात, तेवढं सांभाळा.

आखाती देशांत, अमेरिकेत किंवा युरोपात राहण्याचा परवाना असलेल्या भारतीयांसाठी नियम वेगळे आणि सोपे असतात. ते मधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी पुन्हा एकदा पाहा. मधेच जॉर्जियाला जाऊन परत यायचं असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

३. मुंबईहून कसं जायचं?

बहुतेक लोक आखातातून जातात. शारजा किंवा दुबईहून येरेवानच्या झ्वार्तनोत्स विमानतळावर विमानं जातात. दुसरी वाट जॉर्जियाच्या राजधानीची, म्हणजे तिबिलिसीची. तिथून रस्त्याने साधारण पावणेतीनशे किलोमीटर, सीमेवरच्या वेळेसह सहा तास धरा. तिबिलिसी-येरेवान रात्रीची रेल्वेही आहे. डबे सोव्हिएत वळणाचे, वेग बेताचा आणि झोप लागली की नेमका सीमेवर पासपोर्ट दाखवायला उठावं लागतं. रेल्वेची आवड असेल तरच.

४. किती दिवस लागतात? दोन दिवसांत होतं का?

दोन दिवसांत येरेवान आणि गार्नी-गेगार्द (प्रश्न ७) होतं. आर्मेनिया होत नाही.

देश लहान असला तरी रस्ते घाटांचे आहेत. येरेवान ते दक्षिणेतला तातेव मठ (प्रश्न ८) अंतर २५० किलोमीटरच, पण एका बाजूला चार-साडेचार तास जातात. येरेवानच्या सहल कंपन्या ‘एका दिवसात तातेव’ विकतात. पहाटे निघायचं, रात्री उशिरा परतायचं आणि दिवसभर खिडकीतून बाहेर बघायचं. आमचं मत विचाराल तर हा प्रकार टाळा. दक्षिणेत किमान एक रात्र मुक्काम कराच. सात दिवस असतील तर हा फेरा धरा:

येरेवानला दोन दिवस, एक दिवस गार्नी आणि गेगार्द. मग दक्षिणेकडे खोर विराप, वाइनचं गाव अरेनी, नोरावांक करत गोरिसला मुक्काम. दुसऱ्या दिवशी तातेव पाहून येघेग्नाझोरपर्यंत मागे यायचं. तिथून त्याच रस्त्याने येरेवानला न परतता सेलिम घाट चढून सेवान तलावावर उतरायचं आणि शेवटी दिलिजानच्या जंगलात एक रात्र. दिलिजानहून येरेवान शंभर किलोमीटर.

सेलिम घाटात २,४०० मीटर उंचीवर १३३२ साली बांधलेली एक सराई आजही छपरासकट उभी आहे. आत गेल्यावर मधे माणसांची वाट आणि दोन्ही बाजूंना जनावरांच्या दगडी गव्हाणी. उजेड फक्त छतातल्या झरोक्यांतून येतो. व्यापाऱ्यांचे तांडे इथे रात्र काढायचे. बस इथे येत नाही, म्हणून गर्दीही नसते. हिवाळ्यात मात्र बर्फामुळे घाट बंद असतो.

५. कोणत्या महिन्यात जावं?

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मे महिन्यात डोंगर हिरवे असतात, जुलैपर्यंत ते पिवळे पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये येरेवानचा पारा चाळिशीला टेकतो, पण सेवानच्या पाण्यात उतरायचं तर तेच दिवस. जर्दाळू जूनच्या मध्यापासून बाजारात येतात आणि ते खाल्ल्यावर आपल्याकडचे सुके जर्दाळू फार दिवस घशाखाली उतरत नाहीत. ऑक्टोबरात द्राक्षं आणि डाळिंबं. हिवाळ्यात बर्फ पाहायचं असेल तर त्साघकाझोरला स्कीइंग आहे, पण दक्षिणेचे बेत तेव्हा हवामानाच्या हवाली.

६. येरेवानमध्ये काय पाहायचं?

इ.स.पू. ७८२ मध्ये अर्गिष्टी राजाने इथे एरेबुनी किल्ला बांधला, म्हणजे शहराचं वय रोमपेक्षा जास्त. पण आज दिसतं ते शहर मुख्यतः वास्तुविशारद अलेक्झांडर तमान्यान यांच्या १९२४ च्या आराखड्यातून उभं राहिलं. इमारती तुफा नावाच्या ज्वालामुखीच्या दगडातल्या. गुलाबी, केशरी, कुठे करडा. संध्याकाळचं ऊन पडलं की रिपब्लिक चौक वेगळाच दिसतो.

कॅस्केडच्या भव्य पायऱ्या, शनिवार-रविवारी भरणारा व्हेर्निसाज बाजार, अठराव्या शतकातली निळी मशीद हे सगळं पायी होतं. मातेनादारान हे हस्तलिखितांचं संग्रहालय चुकवू नका. मेस्रोप माश्तोत्स या विद्वान संन्याशाने इ.स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली आणि तेव्हापासून या लोकांनी आक्रमणांतून पळतानाही आधी पोथ्या उचलल्या. रविवार-सोमवारी हे बंद असतं, बेत आखताना लक्षात ठेवा.

त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवर १९१५ च्या नरसंहाराचं स्मारक आहे. ऑटोमन साम्राज्यात सुमारे १५ लाख आर्मेनियन मारले गेले. बारा झुकलेल्या दगडी भिंतींच्या मधे ज्योत जळते. खालच्या संग्रहालयातली छायाचित्रं लहान मुलांना दाखवण्याजोगी नाहीत.

रस्त्यात जागोजागी दगडी कारंजी दिसतील, त्यांना ‘पुलपुलाक’ म्हणतात. वाका आणि पाणी प्या. बाटली विकत घ्यायची गरज नाही.

७. सगळे मठ सारखेच दिसतात असं ऐकलं. निवडायचे कोणते?

चौथ्या मठानंतर सारखे दिसायला लागतात हे खरं आहे. म्हणून एका दिवशी दोनच्या वर मठ घेऊ नका. आमची निवड अशी:

*गेगार्द.* एकच पाहायचा तर हा. वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला इथलं काम अर्ध्या वाटेवर ओळखीचं वाटेल, कारण इथल्या खोल्याही डोंगर कोरून काढलेल्या आहेत. काम तेराव्या शतकातलं. फरक असा की कैलास उघड्यावर आहे आणि हे सगळं डोंगराच्या पोटात. एका कोरीव दालनात खडकातून झरा वाहतो, लोक बाटल्या भरून नेतात. बाहेरच्या जिन्याने वर जाऊन अरुंद बोळातून आत शिरलं की खांबांचं दालन लागतं. त्याच्या जमिनीत एक भोक आहे, त्यातून खालच्या दालनात डोकावता येतं. कुणी गात असेल तर जागचे हलू नका. आवाज भिंतींवरून फिरत इतका वेळ टिकतो की चार गायक चाळीस वाटतात.

जवळच *गार्नी*. हा मठ नव्हे, पहिल्या शतकातलं ग्रीक-रोमन धाटणीचं मंदिर. १६७९ च्या भूकंपात कोसळलं, १९७५ मध्ये पुन्हा उभं केलं. मंदिर पाहून परत फिरू नका, खाली दरीत उतरा. तिथे बेसॉल्टचे षटकोनी खांब कड्यावरून लोंबताना दिसतात.

*नोरावांक.* लाल कड्यांच्या दरीत. मोमिक या शिल्पकाराच्या हातचं दुमजली चर्च आणि वरच्या मजल्यावर जायला दर्शनी भिंतीतूनच बाहेर आलेल्या वीतभर रुंदीच्या पायऱ्या. कठडा नाही. चढताना काही वाटत नाही, उतरताना सगळे भिंतीकडे तोंड करून उतरतात.

*खोर विराप.* खरं कारण मठ नव्हे, समोरचा अरारात पर्वत. देशाला ख्रिस्ती धर्माकडे वळवणाऱ्या संत ग्रेगरीला जिथे तेरा वर्षं डांबलं होतं असं सांगतात ते भुयार इथे आहे. सकाळी लवकर गेलात तर पर्वत दिसण्याची शक्यता जास्त, दुपारी तो धुरकट हवेत हरवतो.

*हाघपात आणि सनाहीन.* उत्तरेला, दोन्ही युनेस्कोच्या यादीत. जॉर्जियाच्या वाटेवर असतील तर जरूर, नाहीतर मुद्दाम जायला अंतर जास्त आहे.

एचमियाझिन, म्हणजे आर्मेनियन चर्चचं मुख्य पीठ, येरेवानपासून वीसच किलोमीटरवर. रविवारी सकाळच्या प्रार्थनेला जा, एरवी तासाभरात होतं.

८. तातेवचा रोपवे खरंच जगात सर्वांत लांब आहे का? बंद असला तर?

लांबी ५,७५२ मीटर. २०१० मध्ये सुरू झाला तेव्हा न थांबता जाणारा, दुहेरी मार्गाचा सर्वांत लांब रोपवे म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. हालिझोरहून निघाल्यावर साधारण बारा मिनिटं वोरोतान नदीच्या दरीवर तरंगत नवव्या शतकातल्या मठापाशी उतरता. तिकिटावर वेळ छापलेली असते आणि उन्हाळ्यात जागा भरतात, म्हणून आधी ऑनलाइन काढा.

जोराचा वारा असला की बंद. हंगाम सोडून आठवड्यातली सुट्टीही असते. तरी अडत नाही, दरीत उतरून पुन्हा चढणारा वळणांचा रस्ता आहे. आम्ही तर म्हणू, एका बाजूने रोपवे आणि दुसऱ्या बाजूने तोच रस्ता घ्या. वाटेत नदीवर ‘सैतानाचा पूल’ म्हणतात तो नैसर्गिक दगडी पूल लागतो.

९. सेवान तलावावर एक दिवस द्यावा का?

वाटेवर असेल तर अर्धा दिवस. तलाव १,९०० मीटर उंचीवर आहे आणि मोठा आहे. टोकावरचा सेवानावांक मठ ८७४ साली बेटावर बांधला होता. सोव्हिएत काळात वीज आणि शेतीसाठी इतकं पाणी उपसलं की पातळी सुमारे वीस मीटर खाली गेली आणि बेट किनाऱ्याला जोडलं गेलं. आज तिथे गाडी जाते, खाली मासे तळणाऱ्या टपऱ्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी भरपूर आवाज.

त्याऐवजी तलावाच्या पश्चिम काठाने नोरातुसला जा. जुन्या दफनभूमीत आठशेहून जास्त ‘खाचकार’, म्हणजे क्रूस कोरलेल्या उभ्या शिळा आहेत. एकीसारखी दुसरी नाही. गावकरी सांगतात की तैमूरचं सैन्य आलं तेव्हा या शिळांना शिरस्त्राणं घालून तलवारी टेकवल्या आणि लांबून फौज समजून शत्रू परत फिरला. गवतात बसून लोकर विणणाऱ्या आजीबाई मोजे दाखवतील, ते चांगले असतात.

१०. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण मेनूकार्डावर ‘शाकाहारी’ शोधू नका. ‘पास’ किंवा ‘पाह्क’ असा शब्द वापरा. तो तिथल्या चर्चच्या उपासाचा शब्द आहे. त्या उपासात मांस, अंडी, दूध सगळंच वर्ज्य असल्यामुळे वेटरला लगेच कळतं. ‘पासुत्स तोलमा’ मागा. कोबीच्या पानात हरभरे, मसूर, राजमा आणि दलिया गुंडाळलेला असतो. ‘झिंग्यालोव्ह हाट्स’ ही बारीक चिरलेल्या अनेक पालेभाज्या भरून तव्यावर भाजलेली पोळी. मूळची काराबाखची (प्रश्न १४), येरेवानमध्ये सहज मिळते. ‘अवेलुक’ या रानभाजीच्या वेण्या घालून वाळवतात आणि नंतर लसूण-अक्रोड घालून करतात. दही म्हणजे ‘मात्सुन’, ताक म्हणजे ‘तान’. ‘स्पास’ हे गव्हाचं गरम दह्याचं सूप, पण काही ठिकाणी ते मांसाच्या रश्श्यात करतात, म्हणून विचारून घ्या.

आणि लवाश. गार्नीच्या वाटेवर घरोघरी करताना बघायला मिळतं. जमिनीत पुरलेल्या तोनीर भट्टीभोवती बायका बसतात. एक लाटते, दुसरी ती लाटी हातांवर उडवत पातळ करते, मग एका लांबट उशीवर ताणून वाकून भट्टीच्या आतल्या भिंतीवर थापते. अर्ध्या मिनिटात फुगे आलेली पोळी आकड्याने बाहेर. त्यात चीज आणि हिरवी पानं गुंडाळून मिळतं, ते उभ्या उभ्या खा.

येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी आलेली भारतीय मुलं बरीच आहेत, त्यात मराठीही भेटतात. त्यामुळे डाळ-भात मिळणारी हॉटेलं आहेत. येरेवानबाहेर ती नाहीत.

११. आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना नेता येईल?

येईल, काही गोष्टी सोडून. कॅस्केडला पायऱ्यांच्या आतून सरकते जिने आहेत. तातेवला रोपवे. गेगार्दला दारापर्यंत थोडा दगडी चढ आहे, सावकाश जमतो. खोर विरापच्या भुयारात सरळ उभ्या लोखंडी शिडीने उतरायचं असतं आणि तोंड अरुंद आहे, तिथे नको. नोरावांकच्या पायऱ्या (प्रश्न ७) त्यांनी खालूनच पाहाव्यात. सेवानावांकला बऱ्याच पायऱ्या आहेत.

१२. गाडी स्वतः चालवावी की ड्रायव्हर घ्यावा?

चौघं असाल तर ड्रायव्हरसह गाडी. एकटे-दुकटे असाल तर येरेवानहून निघणाऱ्या दिवसाच्या सहली किंवा ‘मार्शरुतका’, म्हणजे ठरावीक मार्गाच्या छोट्या व्हॅन. त्या भरल्यावर सुटतात आणि परतीची शेवटची कधी हे आधी विचारून ठेवावं लागतं. शहरात जीजी किंवा यांडेक्स ॲपने टॅक्सी मागवा, रस्त्यावर हात करू नका.

स्वतः चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, गाड्या उजवीकडून चालतात आणि वेगावर नजर ठेवणारे कॅमेरे पावलोपावली आहेत. चलन ड्राम. रुपयाला साधारण चार-साडेचार ड्राम हिशोबाला धरा. गावांत रोख लागते.

१३. भाषेची अडचण येते का? भारतीयांना कसं वागवतात?

येरेवानच्या तरुणांना इंग्रजी येतं, गावात आर्मेनियन आणि रशियन. ‘बारेव द्झेझ’ म्हणजे नमस्कार. धन्यवादाचा मूळ शब्द इतका लांब आहे की तेही फ्रेंच ‘मर्सी’ म्हणून मोकळे होतात.

भारताबद्दल आपुलकी आहे. साठीच्या पुढचे लोक सोव्हिएत काळातल्या हिंदी सिनेमांमुळे राज कपूरचं नाव काढतात. अलीकडे शस्त्रास्त्रांचा विषयही निघतो, कारण आर्मेनियाने भारताकडून पिनाक रॉकेट प्रणाली घेतली आहे. ती पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झाली हे टॅक्सीवाल्याला सांगून पाहा.

संबंध तसा जुना. मुंबईच्या फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर १७९६ सालचं आर्मेनियन चर्च आहे आणि जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझ्दारार’ निघालं ते १७९४ मध्ये, मद्रासला.

१४. तिथे युद्ध चालू होतं ना? जाणं सुरक्षित आहे?

आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त भागावरून २०२० मध्ये मोठं युद्ध झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने तो भाग पूर्ण ताब्यात घेतला आणि एक लाखाहून जास्त आर्मेनियन तिथून निघून आले. वर सांगितलेली ठिकाणं त्या भागात नाहीत. शहरांत रस्त्यावरचे गुन्हे कमी, एकट्या बायका रात्री आरामात फिरताना दिसतात. अझरबैजानच्या सीमेलगतचे आडरस्ते मात्र टाळा. नकाशा-ॲपने दाखवलेला जवळचा रस्ता सीमेला घासून जात असेल तर ड्रायव्हरचं ऐका. निघण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा.

१५. जॉर्जियाबरोबर एकत्र करायचं असेल तर व्हिसाची अडचण कुठे येते?

दोन ठिकाणी. पहिली, आर्मेनियात उतरून जॉर्जियाला जाऊन पुन्हा आर्मेनियातून विमान पकडायचं असेल तर तुमचा व्हिसा किती वेळा प्रवेश देतो ते तपासा. एकदाच देत असेल तर सीमेवर अडकाल. एका देशात उतरा, दुसऱ्यातून परत या, प्रश्नच मिटतो. दुसरी, जॉर्जियाच्या सीमेवर भारतीयांची कागदपत्रं बारकाईने पाहतात. हॉटेल, परतीचं तिकीट, विमा, सगळं छापून हातात ठेवा.

तिबिलिसीहून एकच दिवस असेल तर येरेवान गाठू नका. सीमेपलीकडे तासाभरावरचे हाघपात-सनाहीन पाहून परत फिरा. एका दिवसासाठीही व्हिसा पूर्णच लागतो.

१६. अझरबैजानलाही जायचंय. पासपोर्टवर आर्मेनियाचा शिक्का चालतो का?

नुसता शिक्का असला म्हणून प्रवेश नाकारत नाहीत, बाकूच्या विमानतळावर चार प्रश्न जास्त विचारतात. पूर्वी आर्मेनियाच्या बाजूने काराबाखला गेलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना प्रवेशबंदी असते. दोन्ही देशांमधली सीमा प्रवाशांसाठी बंद आहे आणि थेट विमानही नाही. तिसऱ्या देशातून, म्हणजे उदाहरणार्थ तिबिलिसीमार्गे, जावं लागतं.

१७. अरारात चढायचा आहे. येरेवानहून सोय होते का?

येरेवानच्या प्रत्येक खिडकीतून दिसणारा, देशाच्या राजचिन्हावर असलेला ५,१३७ मीटरचा अरारात तुर्कस्तानात आहे. मधली सीमा १९९३ पासून बंद. खोर विरापच्या तटावरून कुंपण दिसतं, ओलांडता येत नाही. चढाई तुर्कस्तानच्या दोउबायाझितहून होते आणि तिथे परवाना व वाटाड्या लागतो.

चढायचंच असेल तर अरागात्स घ्या. हा पर्वत आर्मेनियातच आहे. चार शिखरांपैकी उत्तरेचं ४,०९० मीटर, कठीण. दक्षिणेचं ३,८७९ मीटर, सह्याद्रीत नियमित चढणाऱ्याला एका दिवसात जमणारं. गाडी ३,२०० मीटरवरच्या कारी तलावापर्यंत जाते, पण उंची एकदम गाठल्याने डोकं धरतं. जुलै ते सप्टेंबर एवढाच काळ.

१८. मठाच्या आवारात कोंबडा घेऊन आलेली माणसं दिसली. हे काय?

‘माताघ’. नवस फेडायला कोंबडा किंवा मेंढा आणतात, त्याला आशीर्वादाचं मीठ चारतात, मग बळी देऊन मांस शिजवून वाटतात. गेगार्दसारख्या ठिकाणी शनिवार-रविवारी दिसतं. पाहवत नसेल तर सकाळी लवकर जाऊन या. कुणी ताट पुढे केलं तर छातीवर हात ठेवून नम्रपणे नको म्हणा. चर्चमधून बाहेर पडताना स्थानिक लोक वेदीकडे पाठ न करता मागे चालत येतात, तुम्हीही तसंच केलंत तर त्यांना बरं वाटतं.

१९. आम्ही उतरलो त्या दिवशी लोकांनी बादलीभर पाणी ओतलं. आमचं काही चुकलं का?

काही नाही, तो वर्दावार होता. ईस्टरनंतर चौदा आठवड्यांनी येणारा रविवार, म्हणजे बहुधा जुलै. त्या दिवशी ओळखदेख न पाहता कुणीही कुणालाही भिजवतं आणि रागवायचं नसतं. बाल्कनीतून, गाडीच्या खिडकीतून, कारंज्यापाशी, कुठूनही पाणी येतं. ठरवून त्या दिवशी जाणार असाल तर फोन आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घाला. त्याच दिवशी परतीचं विमान असेल तर बॅगेसकट टॅक्सी हॉटेलच्या दाराशीच बोलवा, काचा वर करा आणि ड्रायव्हरने भिजण्यासाठी मुद्दाम काच खाली केली तर तक्रार करू नका.